‘तुमच्यात कुंकू चालतं का?’ : मराठवाड्यातल्या ख्रिस्ती बायकांबद्दल

जालन्याची नात | १६ जानेवारी, रात्री १०.१२

परवा आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. औरंगाबादला सिडकोत राहते मी (कागदावर छत्रपती संभाजीनगर, माझी जीभ अजून वळत नाही, त्यावरून इथे मारामाऱ्या नकोत). बायका ओळीनं बसलेल्या. शेजारच्या काकू हळद लावत, कुंकू लावत माझ्यापर्यंत आल्या आणि करंडा हातात धरून तशाच थांबल्या. "तुमच्यात चालतं का हो?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अहो, त्या ख्रिश्चन आहेत, त्यांना नुसतं वाण द्या." वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. चांगली आहे, रोज वापरते.

काकूंबद्दल तक्रार नाही. माझ्या बाळंतपणातले डिंकाचे लाडू त्यांच्याच घरून आले होते. पण चौदा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर हा प्रश्न पहिल्यांदा पडावा, तोही भर बायकांत, याचं नवल वाटलं. मग चहा घेताना नेहमीचं सुरू झालं. तुमच्याकडे नाताळला वाइन असते ना? डान्स असतो ना? घरी इंग्लिशच बोलत असाल? एकीनं तर फार मायेनं सांगितलं, "तुम्ही ख्रिश्चन वाटतच नाही." हे मी शाळेपासून ऐकत आलेय आणि यावर काय म्हणायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. थँक्यू म्हणायचं का?

तर सांगते. आमच्या घरात वाइन कधी आली नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाला छोट्या पेल्यात जे मिळतं ते काळ्या मनुका भिजवून काढलेलं पाणी. नाताळला करंज्या, चकल्या, शेव. केक बेकरीतून येतो आणि तो मुलंच संपवतात. लग्नात माझी साडी पांढरी होती, पण हळद दोन दिवस आधी दणक्यात लागली. मंगळसूत्र आहे, वाट्यांच्या मध्ये छोटा क्रूस आहे. पणजी जालन्याजवळच्या बेथेलची, आजी नर्स, आई मास्तरीण, मी बँकेत. चार पिढ्यांत फ्रॉक कुणी घातला असेल तर तो चौथीपर्यंत.

मुंबईच्या वांद्र्यावर, गोव्यावर पुष्कळ लिहिलं जातं. आमच्याकडच्या, म्हणजे जालना, बीड, नांदेड, लातूरच्या ख्रिस्ती बायकांबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी फार सापडत नाही. तुमच्या घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या अशा बायका आठवत असतील तर लिहा. राजकारण शक्यतो नको. (येणारच, माहीत आहे.)

---

गोदाकाठ | १६ जानेवारी, रात्री ११.०३

राग मानू नका, पैठणचा माणूस आहे, सरळच विचारतो. आमच्या ऑफिसात एक ताई होत्या, आडनाव साळवे. सहा वर्षांनी नाताळची सुट्टी मागितली तेव्हा आम्हाला कळलं. नावावरून ओळखू कामून येत नाही?

---

जालन्याची नात | १६ जानेवारी, रात्री ११.२०

@गोदाकाठ, आडनाव कशाला बदलायचं? गाव तेच, भावकी तीच. पहिल्या नावात रूथ, मार्था, राहेल, एस्तेर येतात, पण तितक्याच शांता, करुणा, आशा, सुवार्ता असतात. माझ्या आजीचं नाव दया आणि तिच्या सख्ख्या बहिणीचं रिबेका.

याची खरी अडचण घरमालकांना होते. लग्नाआधी नोकरीसाठी खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. आडनाव ऐकलं की जात विचारायचे, पहिलं नाव ऐकलं की धर्म. दोन्हींची उत्तरं मिळाली की "विचार करून सांगतो" म्हणायचे. एकानं मात्र मोकळेपणानं विचारलं, "मटण शिजवणार का, आणि रात्री पार्ट्या करणार का?" मी म्हटलं, मटण महिन्यातून एकदा, पार्टी एकदाही नाही. तो हसला आणि खोली दिली. तिथं चार वर्षं राहिले.

---

फिल्लमबाज | १७ जानेवारी, सकाळी ८.४१

पार्टीचं खापर हिंदी सिनेमावर फोडा. साठ-सत्तरच्या दशकात मोना, रोझी, लिली म्हटलं की गुडघ्यावरचा फ्रॉक, हातात ग्लास, बॉसची सेक्रेटरी किंवा क्लबातली नाचणारी. शेवटच्या रिळात ती हिरोसाठी गोळी खाणार आणि शुद्ध साडीतली हिरॉइन रडणार. बाप असला तर बेवडा, आई असली तर भाड्यानं खोल्या देणारी आंटी.

गंमत म्हणजे मूकपटात याच्या बरोब्बर उलटं होतं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बाया कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, तेव्हा अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली आल्या आणि त्यांना हिंदू नावं दिली गेली. रेनी स्मिथची सीता देवी झाली, रूबी मायर्सची सुलोचना. म्हणजे आधी पडद्यावरची सीता व्हायला ख्रिस्ती पोरगी चालली, नंतर ख्रिस्ती पोरगी दाखवायची म्हटलं की तिच्या हातात ग्लास दिला.

---

म्हापशाची, हल्ली वाळूजला | १७ जानेवारी, सकाळी १०.१५

मी गोव्याची कॅथलिक. आमच्याकडे फ्रॉकही आहे, वाइनही आहे, लग्नात नाचही आहे, आणि त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही, हे आधी नोंदवते. धागाकर्तीच्या लेखात "आम्ही तशा नाही हो" असा एक सूर लागलाय तो जरा खटकला. फ्रॉक घालणारी माझी आई रोज पहाटे पाचला उठून बेकरी चालवायची.

पण मुद्दा पटतो. मी वाळूजला आले तेव्हा चर्चमध्ये नऊवारीतल्या आज्या टाळ वाजवत मराठी भजनं म्हणताना बघितल्या आणि मलाच प्रश्न पडला, मी बरोबर जागी आलेय ना! म्हणजे साचा माझ्याही डोक्यात होताच.

---

जालन्याची नात | १७ जानेवारी, सकाळी १०.४०

@म्हापशाची, मान्य. तो सूर माझाच आहे, सवयीनं लागतो. तुमच्या आईंना नमस्कार.

---

सिस्टरचा पोरगा | १७ जानेवारी, दुपारी २.३०

अंबाजोगाई. आई सरकारी नोकरीत नर्स होती, आता रिटायर आहे. घरात तिला आम्ही आई म्हणायचो, बाकी अख्खा गाव ‘सिस्टर’. भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत. वडिलांची ओळखही ‘सिस्टरचे मिस्टर’ अशीच.

साचा म्हणाल तर दोन होते आणि दोन्ही एकाच तोंडातून यायचे. दिवसा "सिस्टर म्हणजे देवी आहेत हो, आमच्या सुनेला वाचवलं." संध्याकाळी आई रात्रपाळीला निघाली की त्याच ओट्यावरून, "हिचं बरंय, रात्री घराबाहेर. नवरा काही बोलत नाही?" मी दहा वर्षांचा असताना तिच्या मागोमाग दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचो. सोबत म्हणून नव्हे. लोक काय म्हणतात ते ऐकायला जायचो, हे आता कबूल करतो.

मोठा झाल्यावर आईनंच एकदा उलगडा केला. आपल्याकडे बाळंतपण कुणी करायचं? गावची सुईण. आणि सुईण बहुतेक गावांत मांगवाड्यातली. नाळ तीच कापणार, वार तीच पुरणार, रक्त-घाण तीच काढणार, आणि पाचवी झाली की तिला साडीचोळी, शेरभर ज्वारी देऊन दारातूनच वाटेला लावणार. पुन्हा घरात पाऊल नाही. सोयर, विटाळ सगळा तिच्या पदरात. मिशनवाल्यांना दवाखाने चालवायला बायका हव्या होत्या. वरच्या जातीतली बाई रक्ताला हात लावायला येणार नव्हती, परक्या पुरुषाचा बेडपॅन उचलणं तर सोडाच. मग बोर्डिंगमध्ये शिकलेल्या ख्रिस्ती पोरी आल्या. त्यातल्या कित्येकींच्या आज्या सुइणी होत्या. काम तेच, पण आता हातात कात्री उकळून घेतलेली, मनगटावर घड्याळ, महिन्याला पगार आणि शेवटी पेन्शन. देशभर नर्सिंगचा पाया रचणाऱ्यांत ख्रिस्ती बायका इतक्या मोठ्या संख्येनं का होत्या, तर ‘सेवाभाव’ हे अर्धंच उत्तर. दुसऱ्या कुणी ते काम करायला तयार नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

आणि विटाळ गेला नाही. रात्रपाळीवरून चारित्र्याची चौकशी झाली तो तोच विटाळ, नवं पातळ नेसून आलेला. हे माझं मत, आईचं नाही. आई म्हणते, "तुला फार विचार सुचतात, जरा दळण आणून दे."

---

वाचनवेडी, परभणी | १७ जानेवारी, दुपारी ४.०५

@सिस्टरचा पोरगा, वाचनखूण साठवली. मिरजेला डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, तिथून शिकलेल्या नर्सेस आपल्या भागातही येत असणार. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये खास बायकांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं तेही याच अडचणीतून: बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नाहीत, आणि बाई डॉक्टर तर नाहीच.

---

सडेतोड लातूरकर | १७ जानेवारी, सायंकाळी ६.५०

सगळं गोड गोड चाललंय, मीच वाईट होतो. नर्सिंग वगैरे ठीक, पण मुळात हे लोक ख्रिस्ती कशामुळे झाले? दुष्काळात गहू आणि दूध पावडर. आमच्या गावात ७२ साली पाहिलंय. पोटासाठी धर्म सोडला आणि आता इतिहास सांगतात.

---

धोंडे पाटील | १७ जानेवारी, सायंकाळी ७.१०

आले. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

निळाई | १७ जानेवारी, रात्री ८.२२

@सडेतोड, ७२ ला सुकडी तर अख्ख्या मराठवाड्यानं खाल्ली. तुमच्या घरात किती जण बाटले?

मी नांदेडची, बौद्ध. माझ्या पणजोबांच्या भावकीत एक घर नगर जिल्ह्यात मिशनकडे गेलं, आमचं घर ५६ नंतर बाबासाहेबांमागे गेलं. लग्नकार्यात दोन्हीकडच्या आज्या शेजारी शेजारी बसायच्या. एकीच्या गळ्यात क्रूस, दुसरीच्या पदराला निळी पिन, आणि दोघींची बोलणी एकच: पाटलाच्या आडावर पाणी कसं वरून ओतायचे. पोटासाठी गेले म्हणता, जाऊ द्या, पोटासाठीही गेले असतील. पण ज्या धर्मात आडाला हात लावू देत नव्हते तो सोडायला दूध पावडरची वाट कशाला बघायला पाहिजे?

आणि फायद्याचं बोलायचं तर हिशोब पूर्ण करा. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश काढा. त्यात आधी फक्त हिंदू, मग १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. आमच्या त्या भावकीतल्या पोरी महाराष्ट्रात ओबीसीत अर्ज भरतात. वस्ती तीच, आडनाव तेच, वागणूक तीच, फक्त दाखला वेगळा. स्वस्तात सौदा करणाऱ्यांनी असा तोट्याचा सौदा केला म्हणायचं.

---

जालन्याची नात | १७ जानेवारी, रात्री ९.४५

निळाई, तुम्ही माझं काम हलकं केलंत. मी फक्त बेथेलचं सांगते.

नारायण शेषाद्री नावाचे ब्राह्मण घरातले गृहस्थ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. स्कॉटिश मिशनकडून ते पुढे जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, पण हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी असलेलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात सरकारकडून जमीन मिळाली आणि शेषाद्रींनी गाव वसवलं, त्याचं नाव बेथेल. आसपासच्या खेड्यांतून जे लोक आले ते बहुतेक मातंग समाजाचे. विहीर, शाळा, चर्च. शेषाद्री १८९१ मध्ये वारले.

पणजीनं माझ्या आईला सांगितलेली गोष्ट एवढीच होती: "तिथं इहीर आमची होती." बाप्तिस्मा, पाद्री, गोरे साहेब, यांतलं तिला फारसं आठवायचं नाही. विहीर आठवायची. पोहरा कितीदाही टाकला तरी कुणी ओरडायचं नाही, हे ती म्हातारपणीही नवलानं सांगायची. ब्राह्मणानं वसवलेल्या गावात मांगांची विहीर, तीही निजामाच्या जमिनीवर, स्कॉटलंडच्या पैशानं! असला गुंता आपल्या मराठवाड्यातच होऊ शकतो.

सगळं गोड नव्हतं, हेही सांगते. बोर्डिंगमध्ये मिसबाई केस तेल लावून करकचून बांधायच्या, जात्यावरच्या ओव्यांतली देवांची नावं बंद. मुली दळताना हळूच म्हणायच्या. आणि चर्चमध्ये गेल्यावर जात गेली म्हणतात ते अर्धसत्य आहे. अमुक बाकावर महारांतले, तमुक बाकावर मांगांतले, आणि सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न अजूनही दबक्या आवाजात विचारतात. माझ्या लग्नात विचारला होता.

---

वाचनवेडी, परभणी | १८ जानेवारी, सकाळी ९.३०

आता थोडं पुस्तकी लिहिते, सहन करा.

‘नवऱ्यामागे बाटली’ हा ख्रिस्ती बायकांबद्दलचा आणखी एक लाडका समज. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं ती बाई नवऱ्यापासून दूर राहिली, भांडली, परत आली, आपलं सोवळं सांभाळत राहिली, आणि ते एकेक गाठ सोडावी तसं कसं सुटत गेलं ते स्वतःवर हसत लिहून ठेवलं. कुणामागे फरफटत जाणाऱ्या बाईला पाच वर्षं लागत नाहीत.

पंडिता रमाबाईंचं तर दोन्ही बाजूंनी मरण. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला म्हणून पुण्यात शिव्या, आणि तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी धर्ममतांवरून वाद घातला म्हणून तिकडे ‘गर्विष्ठ’. १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन, आणि म्हातारपणात मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत.

आणि मराठवाड्याच्या वेशीवरचं अहमदनगर विसरू नका. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये तिथंच वारली. सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण तिच्याकडे झालं. नगरलाच १८६२ मध्ये कृपाबाई जन्मल्या, पुढे सत्यनाथन झाल्या, मद्रासला वैद्यकीय शिकायला गेल्या, तब्येतीनं साथ दिली नाही म्हणून सोडलं, आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहून १८९४ मध्ये गेल्या. बत्तीस वर्षांचं आयुष्य.

अवांतर: या बहुतेक बायका उच्चवर्णीय घरांतून आलेल्या, म्हणून नावं उरली. बेथेलच्या विहिरीवरच्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

---

छावणी जुनी | १८ जानेवारी, दुपारी १२.१०

बेटी, तुझा धागा नातवानं वाचून दाखवला. वय ८१, मुसलमान, औरंगाबाद छावणीचा रहिवासी. नातूच टाइप करतोय.

निजामाच्या जमान्यात शाळा-कचेरी उर्दूत. माझ्या अम्मीला शिकवायला एक बायबलबाई घरी यायची. हो, हाच शब्द होता. पांढरं लुगडं, छत्री, बगलेत पुस्तक, पायात जाड चपला. पर्द्यातल्या बायकांपर्यंत पुरुष मास्तर जाऊ शकत नव्हता, ती जायची. विणकाम, कशिदा, थोडा हिशोब, थोडी उर्दू, आणि शेवटी दहा मिनिटं येशूची गोष्ट. अम्मी म्हणायची, दहा मिनिटं ऐकून घ्यायचं, कशिदा फुकट शिकायला मिळतो. अम्मी आयुष्यभर पाच वक्ताची नमाजी राहिली आणि तिचा क्रोशाचा रुमाल अजून माझ्याकडे आहे.

त्या बाईची उर्दू आमच्यापेक्षा साफ होती. मराठी, उर्दू, थोडी इंग्रजी, तिन्ही. पोलीस ॲक्शननंतर, १९४८ मध्ये, अम्मी महिनाभर दाराबाहेर पडली नाही. तेव्हा ती बाई रोज येऊन फक्त खुशाली विचारायची. गोष्ट सांगायची नाही, कशिदाही नाही. पाणी प्यायची आणि जायची.

---

गोदाकाठ | १८ जानेवारी, दुपारी १२.२५

चाचा, सलाम. नातवाला सांगा रोज टाइप करत जा.

---

वकीलीणबाई, लातूर | १८ जानेवारी, रात्री ८.००

"ख्रिश्चन बायका काय, मॉडर्न, हवं तेव्हा घटस्फोट" असं माझ्याच बाररूममध्ये ऐकलंय, म्हणून थोडा कायदा.

१८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती जोडप्यांना लागू. त्याचं कलम १०: नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करायचं. नुसती मारहाण? घटस्फोट नाही. नुसतं टाकून दिलं? नाही. पोटगीलाही नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा. हे किती वर्षं चाललं? १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि संसदेनं कायदा बदलला २००१ मध्ये. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायची सोयही तेव्हाच आली. हिंदू बायकांना ती १९७६ पासून होती. म्हणजे सगळ्यांत ‘मॉडर्न’ समजल्या गेलेल्या बाईच्या गळ्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळचा कायदा, नवं शतक उजाडेपर्यंत.

वारशाचं उलट आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखे; मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांत समान. अपवाद त्रावणकोरचा. तिथल्या १९१६ च्या कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९८६ मध्ये तो मोडीत काढला.

माझ्याकडे आलेल्या एका अशिलाची गोष्ट, ओळख न सांगता. साधी बालवाडीची बाई, नवरा दारू पिऊन मारायचा. २००१ च्या आधी दोनदा वकिलाकडे गेली, दोन्हीदा "व्यभिचाराचा पुरावा आहे का?" असं विचारून परत पाठवली. ती म्हणाली, "तो दारूशिवाय कुणाकडंच जात नव्हता, पुरावा आणू कुठून?" कायदा बदलल्यावर आली. सुटली. शेजारणी अजून म्हणतात, त्यांच्यात काय, सोपं असतं.

---

संपादक मंडळ | १८ जानेवारी, रात्री ९.१५

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धर्मांतर बंदी कायद्यावर वेगळा धागा आहे, तिकडे जावे.

---

सडेतोड लातूरकर | १९ जानेवारी, सकाळी ७.४०

माझा प्रतिसाद उडवलेला नाही, आधीच सांगतो. मत बदललंय असंही नाही. पण किल्लारीच्या भूकंपात, ९३ ला, माझ्या चुलतभावाच्या पायाची जखम रोज धुणारी सिस्टर होती, ती बहुतेक तुमच्यातलीच असावी. कपाळावर कुंकू नव्हतं म्हणून माझी चुलती तिला विधवा समजली आणि जाताना मायेनं म्हणाली, "माय, दुसरं लग्न कर, वय काय तुझं." सिस्टर एवढी हसली की ट्रे हातातून पडला. नवरा बाहेर मोटारसायकलवर उभा होता.

---

सिस्टरचा पोरगा | १९ जानेवारी, सकाळी ८.०५

हाहा. माझ्या आईला हा सल्ला किमान पाचदा मिळालाय. वडिलांसमोरसुद्धा.

---

जालन्याची नात | २० जानेवारी, रात्री १०.५०

काल आईकडे गेले होते जालन्याला. हा धागा तिला वाचून दाखवला. सडेतोड यांचा शेवटचा प्रतिसाद ऐकून ती उठली आणि माळ्यावरून आजीची बॅग काढली. मी ती लहानपणी पाहिली होती, तपकिरी कातड्याची, कडी गंजलेली. आजी मिरजेला शिकून आली आणि मग जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात होती. तिथून खेड्यांवर बाळंतपणाला बैलगाडीनं जायची. बॅगेत काय काय निघालं: कात्रीची रिकामी डबी, एनॅमलची किडनीच्या आकाराची थाळी, कार्बोलिक साबणाचा वास अजून धरून ठेवलेलं फडकं. आणि तळाशी एक पितळी करंडा, बोटाएवढा. कुंकवाचा. आत वाळून दगड झालेलं कुंकू.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, अगं, तेव्हा खेड्यात मोकळ्या कपाळाची बाई म्हणजे विधवा. आणि विधवेला बाळंतिणीच्या खोलीत कोण घेणार? दोन ठिकाणी सासवांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवली होती तिला. त्यातली एक पोर गेली. तेव्हापासून आजी गाडीतून उतरली की वेशीवर कुंकू लावायची, आत जायची, बाळंतपण करायची, आणि परत येताना नदीवर तोंड धुऊन घरी यायची. रविवारी चर्चला मोकळ्या कपाळानं. एकदा पुसायचं राहिलं, आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, हे काय? आजी म्हणाली होती, "औषध आहे." त्यानं पुढं विचारलं नाही.

आजोबांना माहीत होतं का, विचारलं. आई म्हणाली, करंडा आणून कुणी दिला असेल?

मी ४७ वर्षांची आहे आणि हे मला काल कळलं. करंडा आता माझ्याकडे आहे. आमच्या सोसायटीत रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात, शनिवारी काकूंकडे दुसरं आहे. घेऊन जाऊ का, हेच ठरत नाहीये.

---

छावणी जुनी | २० जानेवारी, रात्री ११.३०

घेऊन जा, बेटी.

---

निळाई | २० जानेवारी, रात्री ११.४२

ने की. फक्त त्यातलं जुनं खरवडून काढू नको. नवं घालायचं तर दुसऱ्या डबीत घाल.